खाडीकांठच्या वादळांची नोंद राखणारा गृहस्थ : सर जेम्स कॅम्पबेल

ठाणें, कल्याण व डोंबिवली या भागांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस खाडीचा स्वभाव सांगावयास नको. उल्हास नदी सह्याद्रीवरून उतरून कर्जत, बदलापूर व कल्याण या गांवांवरून ठाण्याकडे येते. तेथें तिचे दोन फांटे होतात. मोठा फांटा वसईच्या खाडीनें समुद्रास मिळतो व दुसरा ठाण्याच्या खाडीनें मुंबई बंदराकडे जातो. दिवसांतून दोन वेळां समुद्राची भरती ह्याच वाटेनें उलट वर चढते. एरवीं त्यांत भय नाहीं. परंतु डोंगरांत अतिवृष्टि होऊन नदी भरून यावी, त्याच वेळीं अमावास्येचें किंवा पौर्णिमेचें उधाण असावें, आणि त्यांत समुद्रावरील वाऱ्यानें पाणी खाडींत रेटावें, असा योग आला म्हणजे नदीच्या पाण्यास बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. मग तें शेतांत, घरांत व रस्त्यांवर पसरतें.

ता. २६ जुलै २००५ रोजीं काय झालें हें पुष्कळांच्या स्मरणांत आहे. सांताक्रूझ येथील पर्जन्यमापकांत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली. कल्याण, डोंबिवली, बदलापूर व भिवंडी या गांवांस पुरानें वेढलें. पण त्याच दिवशीं, त्याच मुंबई शहराच्या दक्षिण टोंकास, कुलाब्याच्या वेधशाळेंत केवळ ७३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ज्याच्यापाशीं कुलाब्याचाच आंकडा असता त्याला त्या दिवशीं विशेष कांहीं घडलें असें वाटलेंच नसतें. यावरून एक गोष्ट उघड होते. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणास पुरत नाहीं. ज्या गांवीं पाणी येतें त्या गांवाची नोंद त्या गांवींच ठेविली पाहिजे, आणि ठेविलेली नोंद पुढच्या पिढीच्या हातीं पडेल अशी व्यवस्थाही केली पाहिजे.

ही व्यवस्था आमच्या इलाख्यांत मोठ्या प्रमाणावर ज्या गृहस्थानें केली त्याचें नांव सर जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. मुंबई इलाख्याचें ग्याझेटियर म्हणून जी ग्रंथमाला प्रसिद्ध आहे तिचे हे संपादक. इतिहासाचे अभ्यासक त्यांचें नांव जाणतात. परंतु ज्या खाडीकांठच्या लोकांची हकीगत त्यांनीं लिहून ठेविली त्यांच्या घरीं हें नांव क्वचितच ऐकूं येतें. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कॅम्पबेल साहेबांचा जन्म स्कॉटलंडांत ग्लासगो शहरानजीक पार्टिक येथें ता. ४ आक्टोबर १८४६ रोजीं झाला. त्यांचे वडील जॉन मॅक्लिओड कॅम्पबेल हे रो नांवाच्या गांवच्या मंडळीचे पाळक होते. ख्रिस्ताचें प्रायश्चित्त कांहीं निवडक लोकांकरितां नसून सर्व मनुष्यांकरितां आहे असें ते शिकवीत, आणि त्यामुळें स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेनें त्यांस १८३१ सालीं पाळकपणावरून दूर केलें. पुढें १८५६ सालीं त्यांनीं प्रायश्चित्ताविषयीं जो ग्रंथ लिहिला तो वेदांती लोकांमध्यें नव्हे तर ख्रिस्ती पंडितांमध्यें आजही वाचला जातो. अशा घरांत जन्मलेल्या मुलास, लोकांस रुचो अगर न रुचो, आपणांस जें खरें दिसलें तें तसेंच सांगावें हा धडा वेगळा देण्याची गरज पडली नसेल.

जेम्स यांचें बालपण आर्गाइल परगण्यांत नातेवाइकांच्या घरीं गेलें. ग्लासगोच्या विद्यापीठांतून ते १८६६ सालीं एम्. ए. झाले व पुढल्या वर्षीं सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उतरले. १८६९ सालच्या नोव्हेंबरांत ते मुंबई इलाख्यांत असिस्टंट कलेक्टर म्हणून आले. तेव्हां त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें.

त्या काळीं सरकारास स्वतःच्याच जिल्ह्यांची माहिती अपुरी होती. १८४३ सालीं कलेक्टरांकडून प्रत्येक जिल्ह्याचें वर्णन मागविण्याचा यत्न झाला, पण त्यांतून म्हणण्यासारखें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. १८६७ सालीं विलायतेहून पुन्हां हुकूम आला, कीं मध्यप्रांताच्या धर्तीवर मुंबई इलाख्याचेंही ग्याझेटियर तयार व्हावें. तरीही काम रेंगाळतच राहिलें. याचें कारण ध्यानांत घेण्याजोगें आहे. माहिती नव्हती असें नाहीं. ती विखुरलेली होती. कांहीं कचेऱ्यांच्या दप्तरांत, कांहीं जुन्या पोर्तुगीज ग्रंथांत, कांहीं कंपनीच्या रोजनिशींत, आणि पुष्कळशी गांवकऱ्यांच्या तोंडीं. १८७३ सालीं हें काम कॅम्पबेल साहेबांकडे सोंपविण्यांत आलें, तेव्हां ते पुरते सत्तावीस वर्षांचेही झाले नव्हते.

त्यांनीं हें काम एकट्याच्या विद्वत्तेवर केलें नाहीं, हेंच त्यांच्या यशाचें रहस्य होय. ज्याला ज्या गोष्टीची प्रत्यक्ष माहिती असेल त्याच्याकडून ती लिहून घ्यावयाची, दुसऱ्याच्या लेखाशीं ताडून पाहावयाची, आणि ज्याची माहिती त्याचें नांव टीपेंत द्यावयाचें, असा त्यांचा क्रम असे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ठाणें जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांविषयीं साह्य केलें, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास ह्याच मालेकरितां लिहिला. कलेक्टर, इंजिनियर, जंगलखात्याचे व मिठाच्या खात्याचे अंमलदार यांच्याही टिपणांस त्यांत स्थान आहे. इतकें करून ठाण्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादकाचें नांव नाहीं. सरकारच्या हुकमावरून छापिलें एवढेंच तेथें आढळतें.

ठाणें जिल्ह्याचे ग्रंथ १८८२ सालीं निघाले. मालेंतील तेरावा खंड दोन भागांत व चवदावा खंड एका भागांत, असे हे तीन ग्रंथ आहेत. त्या वेळचा जिल्हा फार मोठा होता. डहाणू, माहीम, वाडें, शहापूर, वसई, भिवंडी, साष्टी, कल्याण, मुरबाड, पनवेल व कर्जत हे सर्व तालुके त्यांत येत. पुढें पनवेल व कर्जत कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगडांत, गेले, आणि वसई, वाडें व डहाणू हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात. जिल्ह्यांचीं नांवें व सीमा बदलल्या, पण पाण्याची वाट बदललेली नाहीं. आणि सारें खाडीचें खोरें एका ग्रंथांत एकत्र पाहावयाचें असेल तर आजही ह्याच ग्रंथांकडे यावें लागतें.

त्यांत हवामान व पाऊसमान यांचें वर्णन आहे. खाड्या कोठवर चालतात, कोणत्या बंदरास केवढीं गलबतें येतात, हें दिलें आहे. खारजमिनीविषयींही त्यांत बराच मजकूर आहे. समुद्राचें पाणी अडविण्यासाठीं बांध घालावयाचे, पावसाचें पाणी बाहेर जावें म्हणून उघाडी ठेवावयाची, आणि पावसाळ्यांत मीठ धुऊन जाऊन तेथें भात पिकवावयाचा, ही आगरी व इतर खाडीकांठच्या लोकांची जुनी विद्या आहे. बांध फुटला म्हणजे एका भरतीनें शेत खारावतें आणि पुन्हां पीक येण्यास कित्येक वर्षें लागतात. ज्या ठिकाणीं पूर्वी अशीं खाचरें, मिठागरें व तिंवरांचीं बनें होतीं त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं आज ठाण्यांत व डोंबिवलींत घरें उभीं आहेत. घर घेणाऱ्यास ती जमीन पूर्वी कशी होती हें कोणी सांगत नाहीं. जुना ग्रंथ व जुना नकाशा मात्र सांगतात.

ह्याच ग्रंथांत सन १६१८ च्या मे महिन्यांतील वादळाची हकीगत जतन झाली आहे. वसई तेव्हां पोर्तुगिजांकडे होती. आभाळ भरून आलें, मेघगर्जना झाली, आणि रात्रीच्या सुमारास वाऱ्यानें असा जोर धरला कीं समुद्र शहरांत शिरला. देवळांचीं छपरें उडालीं, मोठाले दगड दूरवर फेंकले गेले, आणि वसई-मुंबईच्या टापूंत सुमारें दोन हजार माणसें मेलीं, असें पोर्तुगीज इतिहासकारांच्या आधारें त्यांत सांगितलें आहे. हा वृत्तांत परक्या भाषेंतील जुन्या पुस्तकांत पडून होता. कॅम्पबेल साहेबांनीं तो उचलून ज्या जिल्ह्यांत ती गोष्ट घडली त्या जिल्ह्याच्या ग्रंथांत घातला. एवढ्यानेंच केवढें काम झालें पाहा. १६१८ चें वादळ मे महिन्यांतलें. १८५४ सालीं ज्या वादळानें मुंबईस सुमारें हजार माणसांचा प्राण घेतला तें १ नोव्हेंबरचें. १९४८ चें वादळ नोव्हेंबरांतलें. अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेलें निसर्ग वादळ ३ जून २०२० चें. आणि तौक्ते वादळ मे २०२१ मधलें. हीं सर्व एका ओळींत मांडलीं म्हणजे दिसतें कीं आमच्या किनाऱ्यावरील मोठीं वादळें पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळा सरल्यावर येतात. कोळी बांधवांस हें परंपरेनें ठाऊक असतें. पण परंपरा सांगते तें खरें कीं काय हें पडताळून पाहण्यास चारशें वर्षांच्या तारखा लागतात, आणि त्या कोणी तरी लिहून ठेविल्या म्हणूनच मिळतात.

नोंदीचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो कमी महत्त्वाचा नाहीं. जें घडलें तें नोंद सांगते, तसेंच जें घडलें नाहीं तेंही ती सांगते. जगांतील मोठ्या आपत्तींच्या कित्येक याद्यांत असें छापलेलें आढळतें, कीं ६ जून १८८२ रोजीं मुंबईवर भयंकर वादळ येऊन एक लक्ष माणसें मेलीं. महिना वादळाचाच आहे, म्हणून ऐकणारास ही गोष्ट संभवनीय वाटते. पण १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लक्ष मेलीं असतीं तर शहरांतील दर आठ माणसांमागें एक माणूस गेला असता, आणि असें एकही घर राहिलें नसतें कीं ज्यानें शोक केला नाहीं. असा प्रलय झाल्याचें त्या वेळच्या वृत्तपत्रांत नाहीं व सरकारी कागदांतही नाहीं. अलीकडे अभ्यासकांनीं हीं जुनीं साधनें तपासून ही कथा निराधार ठरविली आहे. योगायोग असा कीं ठाण्याचे ग्रंथ निघाले तें वर्षही १८८२ च होय. त्या वर्षाच्या एप्रिलांत सोपारें येथें भगवानलाल इंद्रजींनीं जो स्तूप उकरला त्याचा मजकूर ज्यांनीं तत्परतेनें ग्रंथांत घेतला, त्यांच्या नजरेंतून शेजारच्या शहरांतील लाख मृत्यु सुटले असते असें मानवत नाहीं.

कोणी म्हणेल, खोटें वादळ यादींत राहिलें तर बिघडलें काय? आमच्या मतें पुष्कळ बिघडतें. समुद्र किती वर चढूं शकतो, किती वर्षांनीं चढतो, बांध किती उंच असावा, शाळा व दवाखाना कोठें बांधावा, हे सर्व हिशेब जुन्या आंकड्यांवर होतात. त्यांत एक खोटा आंकडा शिरला तर हिशेब चुकतो. आणि एकदां लोकांस तो खोटा असल्याचें कळलें म्हणजे ते खऱ्या धोक्याच्या सूचनेवरही विश्वास ठेवीत नाहींत. भयासाठीं फुगविलेली गोष्ट आणि आळसानें गाळलेली गोष्ट, दोन्ही शेवटीं गरिबाच्याच घरांत पाणी आणितात.

हवेच्या नोंदींचें महत्त्व त्या काळीं सरकारासही कळूं लागलें होतें. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली होती. १८६४ सालीं कलकत्त्यास वादळानें मोठा अनर्थ केला, व पुढील कांहीं वर्षांत पावसानें दगा देऊन दुष्काळ पडले. तेव्हां १८७५ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं हवामानखातें उघडण्यांत आलें. वेधशाळा दररोजचा आंकडा ठेवी. कॅम्पबेल साहेबांनीं त्याला गांवाचें नांव, जमीन, पीक व माणसें यांची जोड दिली. नुसता आंकडा पाऊस किती हें सांगतो; त्या पावसानें कोणाचें काय झालें हें कळण्यास दुसरी वही लागते.

न्यायानें पाहतां या ग्रंथांतील उणीवही सांगितली पाहिजे. हे ग्रंथ राज्यकर्त्यांनीं राज्यकारभारासाठीं केले. सारा किती, मीठ किती, बंदराचें उत्पन्न किती, याकडे त्यांचें लक्ष अधिक. कित्येक जातींचीं वर्णनें त्या काळच्या गर्विष्ठ दृष्टीनें लिहिलेलीं आहेत व आज तीं वाचतांना मन दुखावतें. कोळ्याची होडी फुटली किंवा कातकऱ्याची झोंपडी वाहून गेली तर त्याची नोंद कोठें तरी होईलच असा भरंवसा नव्हता. हा दोष एका माणसाचा नव्हे; जो वर्ग लेखणी धरतो त्याच्याच डोळ्यांनीं इतिहास लिहिला जातो. पण यावरून ग्रंथ टाकून देणें हा उपाय होत नाहीं. ज्यांची नोंद राहिली त्यांनीं स्वतः लेखणी हातीं घ्यावी, हाच उपाय होय.

१८८४ सालापर्यंत कॅम्पबेल साहेबांनीं ग्याझेटियरचें मुख्य काम उरकलें, पण तें त्यांनीं पुढेंही सोडलें नाहीं. १८८५ सालीं त्यांस सी. आय्. ई. हा किताब मिळाला, आणि ग्लासगो विद्यापीठानें एल्एल्. डी. ही पदवी दिली. मुंबई शहराविषयींचीं जुन्या दप्तरांतील साधनें त्यांनीं तीन भागांत जमविलीं व तीं १८९३ व १८९४ सालीं छापून निघालीं. कंपनीच्या काळचे कागद किडीच्या व दमट हवेच्या तोंडांतून वांचविण्याचें श्रेय या तीन भागांस आहे. सबंध माला सत्तावीस खंडांची व चवतीस भागांची झाली. पहिलें पुस्तक १८७७ सालीं निघालें, आणि सूचीचा शेवटचा खंड १९०४ सालीं, म्हणजे त्यांच्या मरणानंतर, बाहेर पडला.

१८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिसंनिपाताची सांथ सुरू झाली. लोक शहर सोडून पळूं लागले, तपासणीच्या जाचानें चिडून गेले, आणि कोणाचा कोणावर विश्वास उरला नाहीं. १८९७ सालीं जनरल गॅटेकर यांच्यामागून प्लेग कमिटीचें अध्यक्षपद कॅम्पबेल साहेबांकडे आलें. त्याच वर्षीं त्यांस के. सी. आय्. ई. हा किताब मिळाला. परंतु त्या कामाच्या श्रमानें त्यांची प्रकृति खालावली, आणि १८९८ सालीं त्यांनीं हिंदुस्थान सोडिलें तें पुन्हां न येण्यासाठींच. ते अविवाहित होते. स्कॉटलंडांत रोजनीथ येथें ता. २६ मे १९०३ रोजीं ते मरण पावले, आणि तेथेंच आपल्या आईबापांशेजारीं त्यांस पुरण्यांत आलें. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनें त्यांच्या स्मरणार्थ सुवर्णपदक ठेविलें. त्यांचे ठाण्याचे ग्रंथ महाराष्ट्र सरकारनें पुढें पुन्हां छापविले, व आतां ते संगणकावरही वाचावयास मिळतात.

या चरित्रापासून आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीं काय घ्यावें? सगळ्यांनाच चवतीस ग्रंथ लिहावयाचे नाहींत. पण ग्रंथ ज्या टिपणांवरून होतात तीं टिपणें लहान गांवांतच निपजतात. पुष्कळ मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या व पुरण्याच्या जुन्या वह्या आहेत. शाळांत हजेरीपटें व शेरेबुकें आहेत. पूर आला त्या वर्षीं शाळा किती दिवस बंद राहिली, उपासना कोठें भरली, दुरुस्तीस किती खर्च आला, हें त्यांत सांपडतें. अशा वह्या रद्दीवाल्यास देऊं नयेत. जमिनीलगतच्या कपाटांत ठेवूं नयेत, कारण पुरांत पहिल्याप्रथम त्याच भिजतात. त्यांच्या नकला करून एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी; एकाच घरांत ठेविलेल्या दोन प्रती एकाच पाण्यानें जातात.

यापुढें पाणी आलें म्हणजे कोणी तरी एकानें चार ओळी अवश्य लिहाव्या. तारीख व वेळ. पाणी देवळाच्या किंवा शाळेच्या कितव्या पायरीपर्यंत चढलें. त्या वेळीं भरती होती कीं ओहोटी. वारा कोणत्या दिशेनें होता. किती घरांत पाणी शिरलें. आणि तें किती वेळानें उतरलें. स्वतः पाहिलेलें व दुसऱ्याकडून ऐकलेलें हीं निरनिराळीं लिहावीं, आणि कळलें नसेल तेथें जागा मोकळी सोडावी. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल तर चुना मारण्यापूर्वी तिच्यापाशीं वर्ष कोरून ठेवावें. मोठ्या आंकड्यानें लोकांस थक्क करावें असा मोह होईल, तो आवरावा. खाडीकांठच्या आमच्या भाऊबहिणींची घरें पुढें कोठें व किती उंचीवर उभीं राहतील, हें अशाच रेघांवरून व चार ओळींवरून ठरावयाचें आहे.